लखनौहून धबधब्याला, तेही वसंतात

नोकरीनिमित्त लखनौत आलेलं मराठी कुटुंब पहिल्या मार्चमध्ये हमखास विचारतं, इथून जवळचा धबधबा कुठला? रविवारी सकाळी निघायचं, पोराला तासभर चालवायचं, भिजवायचं आणि जेवायला घरी, ही पुण्या-मुंबईची सवय. उत्तर एका वाक्याचं आहे: जवळ एकही नाही.

लखनौची गोमती नदी हिमालयातून येते, तेव्हा वरच्या अंगाला कुठेतरी धबधबा असणारच, असा तर्कही ऐकू येतो. मुळात ती हिमालयातून येतच नाही. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यात तिचा उगम आहे आणि तिला पाणी पुरवतो तो पाऊस आणि भूजल. उगम समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर, लखनौ 120च्या आसपास, आणि मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर. एवढ्याशा उतारावर नदी रमतगमत जाते. शिवाय धबधब्याला कडा लागतो, कड्याला कातळ. लखनौच्या पोटात शेकडो मीटर नुसता गाळ आहे.

कातळ भेटतो तो गंगा ओलांडून विंध्याच्या पठारावर गेल्यावर. चंदौली जिल्ह्यातल्या चंद्रप्रभा अभयारण्यात राजदरी आणि देवदरी, मिर्झापूरकडे विंढम, टांडा, अहरौऱ्याजवळची लखनिया दरी. लखनौहून हे सगळं तीनशे किलोमीटरच्या पलीकडे, म्हणजे बनारसला मुक्काम आलाच.

‘पण मार्चमध्ये तिथे पाणी कुठे असतं?’ खरं आहे, फारसं नसतं. हे पावसाळी धबधबे. मार्चपर्यंत धार बारीक होते, कुठे आटतेही. म्हणून जाण्यात अर्थ नाही, हे मात्र मला पटत नाही. लहान मुलाला घेऊन जायचं तर मी तरी वसंतच निवडेन. भरलेल्या धबधब्यात पांढऱ्या पाण्यापलीकडे काही दिसत नाही. ओसरलेल्यात तो कसा घडला ते दिसतं. आपल्या सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाचा, इथला वाळूपासून बनलेला. घट्ट वालुकाश्माखाली मऊ थर असला की पाणी तो आधी पोखरतं, वरचा थर अधांतरी राहतो, एक दिवस कोसळतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. खाली पडलेल्या शिळा त्याचीच साक्ष. प्रवाहात अडकलेले गोटे गरगर फिरून कातळात खड्डे पाडतात. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

लखनिया दरीत तर कातळावर प्राचीन चित्रंही आहेत. गुहेतली चित्रं म्हटलं की युरोपच आठवतो, पण पुरातत्त्वज्ञ आर्चिबाल्ड कार्लाइल यांना मिर्झापूरच्या डोंगरांत सोहागीघाटला अशी चित्रं 1867-68 मध्ये दिसली होती; स्पेनमधल्या अल्तामिराची 1879 मध्ये.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे पाणी कमी, म्हणजे धोका कमी. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून पावसाळ्याची धास्ती आपल्या मनात बसली आहे, आणि ती योग्यच. पण धार बारीक झाली म्हणून खालचा डोह उथळ होत नाही. धबधब्याने तो वर्षानुवर्षं खोदलेला असतो, काठ एकदम तुटतो आणि तिथल्या ओल्या कातळावर शेवाळ असतं. बुडणारं मूल ओरडेल, हाही भ्रम. बहुतेक वेळा ते आवाज न करता बुडतं. डोहाकाठी हात धरायचा, लक्ष ठेवणं पुरत नाही.

वसंताचा स्वतःचा धोका डोक्यावर लोंबतो: आग्या मोहोळ. फुलोऱ्याच्या दिवसांत या माश्या कड्यांना पोळी लावतात. धूर, दगड, उग्र अत्तर आणि आरडाओरडा त्यांना खपत नाही. माश्या उठल्याच तर पाण्यात उडी मारू नये. त्या वर घिरट्या घालत राहतात. मुलाचं तोंड झाकून लांब पळावं आणि काटे लवकरात लवकर खरवडून काढावेत.

इथला वसंत लांबेल असंही धरून चालू नये. आपल्याकडे गुढी उभी राहते तोवर इकडचा चैत्र अर्धा सरलेला असतो, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, म्हणून होळीनंतरचा पंधरवडा गाठावा आणि उन्हं चढण्याआधी परतावं. मात्र अगदी झुंजूमुंजूला जंगलात शिरू नये. मोहाची फुलं पडू लागली की अस्वलं त्यांच्यावर येतात. पाणी घरचंच न्यावं. नितळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही.

एवढा प्रवास नको असेल तर लखनौच्या ईशान्येला कुकरैलचं राखीव जंगल आहे. सपाट वाटा, चार-पाच वर्षांच्या पोराला झेपतील अशा. तिथे 1970च्या दशकापासून घडियालांचं, म्हणजे आपण सुसर म्हणतो तिचं, पुनर्वसन केंद्र चालतं: अंडी आणून उबवायची, पिल्लं वाढवायची आणि नद्यांत सोडायची. लांबलचक जबडा पाहून मुलं घाबरतात, मोठेही तिला नरभक्षक समजतात. पण तो अरुंद जबडा मासे पकडण्यासाठी घडलेला आहे. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला मडक्यासारखा गोळा येतो. मादीला तो नसतो, तेव्हा नर कुठला ते ओळखायचं काम मुलांवर सोपवावं.