हजीऱ्यात घडलेला ‘झोरावर’: रणगाडा हलका का हवा?

खान्देशातून सुरतेला कामाला गेलेल्यांना हजीरा म्हटलं की बंदर, पोलाद आणि खताचा कारखाना आठवतो. तापी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. इथंच लार्सन अँड टुब्रोचा चिलखती वाहनांचा कारखाना आहे. ‘के-९ वज्र’ या तोफा याच कारखान्यातल्या. २०१८ मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत त्या लष्करात दाखल झाल्या. ६ जुलै २०२४ रोजी डीआरडीओचे प्रमुख डॉ. समीर कामत यांनी हजीऱ्यातच नव्या ‘झोरावर’ रणगाड्याची पाहणी केली. वजन फक्त २५ टन.

‘फक्त’ का? तर लष्करातला टी-७२ साधारण ४१ टनांचा, टी-९० त्याहून जड. २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर हे जड रणगाडे लडाखला चढवावे लागले. पलीकडे चीनकडे डोंगरासाठीच बनवलेला हलका टाइप-१५ तयार होता. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. त्यात अरुंद रस्ते, कमजोर पूल. झोरावरला सुमारे ७६० अश्वशक्तीचं इंजिन आहे, म्हणजे टनामागे ३० अश्वशक्ती. टी-७२ ला जेमतेम १९. शिवाय सी-१७ विमानातून असे दोन रणगाडे एकदम नेता येतात. तोफ मात्र १०५ मिलिमीटरची, टी-७२ च्या १२५ पुढे लहानच. वजन कमी करायचं तर चिलखतातही काटछाट आलीच.

वजन की वेग, हा पेच तसा जुना. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बीएमडब्ल्यू आर-७५ या मोटारसायकलच्या साइडकारचं चाकही इंजिनाला जोडलं, रिव्हर्स गियर दिला. चिखलात गाडी निघायची, पण ती बनवायला महाग पडे. अमेरिकनांची साधी जीप तेच काम सोप्यात करू लागली आणि साइडकारचं महत्त्व ओसरलं.

आपल्याकडेही हलक्या रणगाड्यांनी वेळ मारून नेली आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या योजनेनुसार सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या जोझिला खिंडीत घुसले. पूल टिकावेत आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून वाटेत त्यांचे बुरूज उतरवून नेले होते. १९६२ मध्ये एएमएक्स-१३ रणगाडे विमानानं चुशूलला उतरवले. पुढे ते निवृत्त झाले नि हलका रणगाडा हा प्रकारच लष्करातून गेला. गलवाननंतर ती उणीव बोचली.

डीआरडीओ आणि कंपनी यांनी मिळून साधारण दोन वर्षांत नमुना उभा केला. नाव दिलं एकोणिसाव्या शतकात लडाख जिंकणाऱ्या डोगरा सेनानी झोरावरसिंगांचं. सप्टेंबर २०२४ मध्ये वाळवंटात आणि डिसेंबरमध्ये ४,२०० मीटरहून जास्त उंचीवर त्यानं अचूक मारा केला. गरज ३५४ रणगाड्यांची. २०२७ पर्यंत ते लष्करात यावेत, असं कामत पाहणीच्या वेळी म्हणाले होते.

बरं, सगळं देशी नाही. बुरूज बेल्जियमच्या कंपनीचा. इंजिन आधी जर्मन ठरलं होतं. तिकडची परवानगी रखडली, म्हणून कमिन्सचं बसवलं. रणगाडा हजीऱ्यात जुळला तरी त्याचं हृदय अजून बाहेरूनच येतंय.