आजेसासूची याद

दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी विद्वान लिहितातच, की आपल्या जुन्या कथाकाव्यात देव आहेत, भक्त आहेत, दैत्य आहेत, माणूस तेवढा नाही. तो साहेबाने बोटीतून आणला. पुरावा म्हणून चॉसर पुढे केला जातो. माझं चॉसरशी वैर नाही. बडोद्याच्या सयाजीगंजात, कॉलेजच्या भल्यामोठ्या घुमटाच्या सावलीत, मी तो आधी शिकलो आणि मग नोकरी संपेपर्यंत शिकवला. पण ज्या गावात बसून आपण हे लिहितो, त्याच गावात सतराव्या शतकात, गायकवाड यायच्या आधी, प्रेमानंद भट नावाचा माणूस तांब्याच्या माणेवर, म्हणजे घागरीवर, बोटांतली वेढणी वाजवत आख्यानं गात होता, हे या मंडळींच्या गावीही नसतं. बडोद्याचे आम्ही मराठी लोक तर याबाबतीत फारच बेफिकीर. घरात ज्ञानेश्वरी, कॉलेजात कँटरबरी आणि वाडी भागातला प्रेमानंद शेजाऱ्यांचा!

चॉसरचं थोडक्यात उरकतो, वाचकांना ते ठाऊकच आहे. 1387 च्या सुमारास त्याने ‘कँटरबरी टेल्स’चं लेखन हाती घेतलं. लंडनच्या दक्षिणेला साउथवर्कमधल्या टॅबर्ड खाणावळीत एकोणतीस यात्रेकरू जमतात आणि वाट सरावी म्हणून गोष्टी सांगतात. शिकारीचा शौकीन मठवासी, श्रीमंतांच्याच पापांची क्षमा करायला तत्पर असलेला भिक्षू, क्षमापत्रं विकता विकता डुकराची हाडं संतांच्या अस्थी म्हणून खपवणारा पार्डनर. चॉसर कुणालाही शिव्या देत नाही. लोकर आणि कातड्यांच्या जकातीचा हिशेब तपासण्यात त्याची वर्षं गेली होती. माल उलगडून दाखवायचा आणि बाजूला व्हायचं, ही त्याची रीत. बाथची बाई आपले पाच नवरे, लाल मोजे, फटीचे दात घेऊन स्वतःच बोलत सुटते. त्याच्याच काळातल्या लँग्लंडचं शेतकऱ्याचं रूपक मोठं असेल, पण ते शिकवताना मलाच जांभई यायची. गॉवरबद्दल तर न बोललेलंच बरं.

आपल्याकडे माणूस असा उलगडून दाखवण्याच्या कामाला मुखवटा होता. पैठणच्या नाथांनी शंभराहून अधिक विषयांवर भारुडं रचली. त्यांत जोशी येतो, गोंधळी येतो, विंचू चावलेला येतो, सासरच्या साऱ्यांचा निकाल लावायला देवीला नवस बोलणारी सून येते. अध्यात्माचा अर्थ शेवटी निघतो, पण तोवर श्रोता पार हसून लोळलेला असतो. मात्र भारुड म्हणजे एक पात्र, एक सोंग. लांब कथेत चार माणसं एकमेकांवर आपटली पाहिजेत, त्याशिवाय घर दिसत नाही. मुक्तेश्वर, श्रीधर, मोरोपंत यांच्याकडे ही आपटाआपट शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. मला ती थोडीफार दिसली रघुनाथपंडिताच्या नलकथेतल्या हंसात. राजाच्या मुठीत सापडल्यावर म्हातारी आई आणि नुकती बाळंत झालेली बायको यांची आठवण काढणारा तो पक्षी संबंध दरबारापेक्षा अधिक माणूस आहे.

आता माझ्या आवडीकडे येतो. प्रेमानंदाचं ‘कुंवरबाईनुं मामेरुं’, रचना 1683 च्या आसपासची. संतकवी नरसिंह मेहतांची लेक कुंवरबाई पहिलटकरीण आहे. सीमंताला माहेरून मामेरुं यायला हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर डोहाळजेवणाचा मानपान. आई नाही, बाप भजनात दंग, सासर खानदानी नागर ब्राह्मणांचं. बाप येतो तो मोडक्या गाडीतून, मरतुकडे बैल जुंपून, सोबत टाळ घेतलेली वैराग्यांची फौज. नागरांच्या बायका पाहायला जमतात आणि मग त्यांच्या जिभा सुटतात. अंघोळीला कढत पाणी काढून देतात, विसण मागितलं तर विहीण म्हणते, तुमच्या हरीला सांगा, पाऊस पाडेल. पाऊस पडतो, ही भक्तांची गोष्ट झाली. विसण नाकारणं ही माणसांची. ती प्रेमानंदाची.

आणि मग वडसासू, म्हणजे आजेसासू. मामेऱ्यात काय काय हवं, असं सून विचारते तेव्हा सासू तोंड फिरवते, पण म्हातारी सरसावून बसते आणि याद सांगू लागते. कुंकू, नारळ, सुपाऱ्या, मग वस्त्रं, मग सोनं, मग नात्यागोत्यातल्या अमक्या-तमक्याचे शेले. यादी लांबत जाते आणि प्रत्येक कलमागणिक म्हातारीची लायकी, घराण्याची हाव आणि जातीचा ताठा उघडा पडत जातो. कवी मध्ये एक शब्द बोलत नाही. शेवटी ती म्हणते, हे काहीच झेपलं नाही तर दोन मोठे धोंडे ठेव म्हणावं, म्हणजे आमचं भागलं! कुंवरबाई बापाजवळ येऊन रडते, की या म्हातारीने सत्यानाश केला.

ही जागा मी वर्गात बाथच्या बाईशेजारी ठेवून शिकवायचो, अभ्यासक्रमात नसताना. दोघीही तोंडाने स्वतःचं चित्र काढतात. फरक एवढाच, की बाथची बाई स्वतःविषयी बोलते आणि आमची म्हातारी फक्त सामान सांगते. सामान सांगून माणूस उभा करणं अवघड, आणि कुणी काही म्हणो, इथे आमचा माणभट्ट जकातीच्या कारकुनाला भारी पडतो. पुढे देव दामोदर दोशी नावाच्या शेठचा वेश घेऊन येतो, यादीतलं सगळं देतो, ते धोंडेसुद्धा सोन्याचे देतो. तरी एका नणंदेच्या लेकीला वगळलं म्हणून कुरबुर राहतेच! देवाच्या दातृत्वालाही नागरांच्या घरात नाव ठेवलं जातं. याहून तिखट उपहास मला चॉसरच्या भिक्षूतही सापडला नाही.

‘सुदामाचरित्र’ आणि ‘नलाख्यान’ यांचा आढावा घ्यायचा तर जागा पुरणार नाही. प्रेमानंदाने पौराणिक राजे-राण्या गुजराती वाण्याबामणांच्या पातळीवर उतरवल्या, असा एक जुना आक्षेप आहे. तो आक्षेप आहे की प्रशस्तिपत्र, हे आक्षेप घेणाऱ्यांनाच कळलं नाही. पोटासाठी सुरत आणि नंदुरबार गाठलं, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. नंदुरबार! म्हणजे आपल्या खानदेशाने या कवीला एकेकाळी जेवू घातलंय, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांत त्याची ओळदेखील नाही. गुजराती भाषेला मान मिळेपर्यंत पगडी न घालण्याची प्रतिज्ञा वगैरे दंतकथा मात्र सगळ्यांना पाठ. एकोणिसाव्या शतकात त्याच्या नावावर नाटकंही खपवली गेली. ती बनावट असल्याचं नरसिंहराव दिवेटियांनी दाखवलं. पार्डनरची हाडं आमच्याकडेही विकली गेली म्हणायची.

हा कवी मला कॉलेजात भेटला नाही. आम्ही भाड्याने राहायचो तिथे खालच्या मजल्यावर एक गुजराती बा होत्या. चैत्रात त्या प्रेमानंदाचं ओखाहरण गायच्या आणि कुणाच्या सीमंताला बोलावणं आलं की मामेरुं. माझी आई मराठीच बोलायची, पण म्हातारीच्या यादीला पदर तोंडाला लावून हसायची, कारण आमच्या आत्याच्या लग्नात तसलीच एक याद आली होती. पुढे माणभट्ट धार्मिकलाल पंड्यांना माण वाजवताना ऐकलं तेव्हा कळलं, की ही यादी वाचायची नाहीच. एका कलमानंतर वेढणी खणकन वाजते, तेवढ्यात श्रोता पुढचं कलम मनात धरतो, आणि म्हातारी त्याच्याही वरचं मागते.

आता सीमंताला पडद्यावर चित्रफीत चालते. वर्गात मुलं चॉसरसुद्धा सारांशातून वाचतात. मठवाशाला टक्कल होतं का, हे विचारलं तर हा प्रश्न परीक्षेला नाही म्हणतात. एका व्याख्यानात मी प्रेमानंदाचं नाव काढलं, तर आयोजकांनी आभार मानताना मला गुजरातीचा प्राध्यापक करून टाकलं.

निवृत्तीनंतर मी यादीचं ते कडवं ओवीत आणायला बसलो. सामान सगळं जमलं. मराठी मानपानात शब्दांची ददात नाही. अडलो तो ‘वडसासू’पाशी. ‘आजेसासू’ म्हटलं की डोळ्यांपुढे नऊवारीतली, हातावर साखर ठेवणारी कुणी प्रेमळ बाई येते, आणि ती धोंडे मागेल असं वाटत नाही. ‘थोरली सासू’ करून पाहिलं, ‘म्हातारी सासूबाई’ करून पाहिलं. कागद तसाच पडून आहे.