‘तो मी नव्हेच!’ : व्हाया ग्रीस

‘परवा नक्की देतो यार’ हे ऐकून कंटाळला असाल, तर हा किस्सा तुमच्यासाठी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सिसिली बेटावरच्या सिराक्यूजमध्ये एपिकार्मस नावाचा विनोदी नाटककार होता. त्याचं मूळ नाटक हरवलंय, पण नंतरच्या लेखकांच्या उल्लेखांवरून त्यातला एक प्रसंग जुळवता येतो. सावकार पैसे मागायला येतो. कर्जदार विचारतो, खड्यांच्या ढिगात एक खडा टाकला, तर आकडा तोच राहील का? नाही. मग माणूसही रोज थोडा वाढतो, थोडा झिजतो. म्हणजे पैसे घेणारा कुणी दुसराच, तो मी नव्हेच! (अत्र्यांच्या लखोबाच्या कितीतरी आधी!) सावकार भडकून त्याला एक ठेवून देतो. कर्जदार बोंबलतो, तर सावकार म्हणतो, मारणारा तरी मी कुठे होतो?

हसून सोडून द्यावं असं वाटतं, पण तत्त्वज्ञांना ते जमलं नाही. त्यांनी याला ‘वाढीचा युक्तिवाद’ म्हटलं. प्लुटार्क सांगतो की, अथेन्सवाल्यांनी जपलेलं थीसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज याच वादात उदाहरण म्हणून यायचं. कुजलेल्या फळ्या बदलत गेल्या, मग जहाज तेच का?

अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) यातून वाट काढली. तोच माणूस कधी गोरा, कधी सावळा होतो, माणूस एकच. काही गोष्टी येतात-जातात, पण जिच्याशिवाय ती वस्तू ‘ती’ राहतच नाही, ते तिचं सत्त्व. आणि वाढीचं काय? त्याचं उदाहरण मला जाम आवडलं : एकाच मापाने पाणी मोजत राहा. पाणी दरवेळी नवं, माप तेच.

फक्त एक खटकतं. माणसाचं सत्त्व ‘माणूस असणं’ असेल, तर ते तुमचं-माझं सगळ्यांचं सारखंच. मग अकरावीतली मी आणि आजची मी एकच कशावरून? अ‍ॅरिस्टॉटलच्या अभ्यासकांमध्ये यावर अजून वाद आहेत.

मला हे का छळतंय, तर अकरावीत मी एका मैत्रिणीबद्दल सगळ्या वर्गासमोर फार वाईट बोलले होते. गेल्या महिन्यात ती भेटली. मी म्हटलं, “अगं, मी आता तशी राहिले नाही.” ती म्हणाली, “बरं झालं. पण बोलली होतीस ती तूच ना?”

कर्जदाराचा मुद्दा तेव्हा माझ्या अगदी तोंडावर आला होता. मी सॉरी म्हटलं.