अंशतः उत्तीर्ण

अड्याळ हें भंडारा–पवनी रस्त्यावरील आमचें गांव. घरांत माणसें अकरा व मोबाईल सात. त्यांपैकीं एक आमच्या वडील बंधूंचा. काचबिंदूनें त्यांची दृष्टि हळूहळू गेली, त्यास आतां सहा वर्षें होतील. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी ‘टॉकबॅक’ नांवाची सोय त्यांच्या मोबाईलांत आहे. नातवानें ती त्यांस शिकविली, आणि वर्षाच्या आंत ते वर्तमानपत्र, पंचांग व पेन्शनीचे निरोप आपले आपण ऐकूं लागले. पंचाहत्तराव्या वर्षीं नवी विद्या घेणारा असा विद्यार्थी आम्हांस सबंध नोकरींत लाभला नव्हता!

अडलें तें एका बँकेच्या ॲपापाशीं. पहिला पडदा उघडला कीं टॉकबॅक म्हणे, “बटण. बटण. बटण.” कोणतें बटण पैसे पाठविण्याचें व कोणतें शिल्लक दाखविण्याचें, याचा पत्ता नाहीं. डोळसांसाठीं तेथें सुबक चित्रें काढलेलीं होतीं, पण त्या चित्रांस नांवें देण्याचें कोणास सुचलें नव्हतें. पुढें ओटीपी टाकण्यास तीस सेकंदांची मुदत. यंत्र एकेक अंक वाचून दाखवी तोंवर ती संपून जाई. अखेर दादा आपला पिन नातवास सांगूं लागले. “चाळीस वर्षें कपाटाची किल्ली जानव्याला होती,” एवढेंच ते एकदां बोलले. नातू प्रामाणिक आहे, यांत शंका नाहीं; परंतु प्रश्न नातवाच्या प्रामाणिकपणाचा नव्हता.

गंमत अशी कीं, हें ॲप ‘सर्वांसाठीं सुलभ’ आहे असें त्याच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत छापलेलें होतें. आमची सूनबाई नागपुरास अशींच संगणकीय साधनें तपासण्याचें काम करते. गेल्या दिवाळींत ती घरीं आली असतां आम्हीं तिला ती जाहिरात दाखविली. ती म्हणाली, “बाबा, सुलभ म्हणायला काय लागतं? अहवाल कुठं आहे, तो मागा.”

हा अहवाल म्हणजे काय, तें वाचकांस थोडें सांगावयास हवें. सरकारी खात्यांनीं वापरावयाचीं संगणकीय साधनें दिव्यांगांसही वापरतां आलीं पाहिजेत, हा अमेरिकेंतील कायदा १९९८ सालीं कडक करण्यांत आला. मग विक्रेत्यांनीं आपल्या मालाची माहिती एका सांच्यांत द्यावी, म्हणून तेथील ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इंडस्ट्री कौन्सिल’ या उद्योगसंघानें २००१ सालीं एक कोरा तक्ता पुढें आणला. त्यास ‘व्हीपॅट’ म्हणतात. तो भरला म्हणजे अहवाल झाला. तक्त्याच्या एका रकान्यांत नियम, दुसऱ्यांत निकाल, तिसऱ्यांत शेरा. निकाल मोजके: पाळतो, अंशतः पाळतो, पाळत नाहीं, लागू नाहीं. नियम ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या संस्थेचे. त्यांच्या २०१८ च्या आवृत्तींत पहिल्या दोन श्रेणींचे मिळून पन्नास नियम येतात. चित्रास शब्दांत पर्याय असावा, साध्या मजकुराचा व पार्श्वभूमीचा उजळपणा निदान साडेचारास एक या प्रमाणांत भिन्न असावा, मुदत असल्यास ती वाढवितां यावी, असे ते नियम आहेत. दादांच्या तीन तक्रारींपैकीं दोन त्यांत आधींच लिहिलेल्या पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें.

न्यायशास्त्रांत पदार्थाचा विचार उद्देश, लक्षण आणि परीक्षा अशा तीन पायऱ्यांनीं सांगितला आहे. नियम हें लक्षण, आणि सूनबाई करते ती परीक्षा. जाहिरातवाले मात्र उद्देशावरच, म्हणजे नुसत्या नामोच्चारावरच, काम भागवितात.

आमचा एक आक्षेप होता. हा अहवाल बहुधा माल करणाराच भरतो. मग विद्यार्थ्यानें आपलाच पेपर तपासावा, तशांतलें हें झालें! सूनबाईनें तें कबूल केलें. पण ती म्हणाली, निकालाचा रकाना सोडा, शेऱ्याचा वाचा. “अंशतः पाळतो; पैसे पाठविण्याच्या पडद्यावर तीन बटणांस नांव नाहीं,” असा शेरा असेल तर तो लिहिणारानें खरोखर तपासलें आहे. पन्नासही नियमांपुढें ‘पाळतो’ आणि शेरे कोरे, असा अहवाल दिसला कीं संशय घ्यावा. हें आम्हांस तत्काळ पटलें. सबंध वर्गास शंभरांपैकीं शंभर गुण पडलेले पाहून कोणता इन्स्पेक्टर खूष होतो? तपासणी यंत्राकडूनही करवितां येते; पण चित्रास नांव नाहीं एवढेंच यंत्र सांगेल. कोणीं ‘चित्र ४७’ असें नांव दिलें, तर यंत्र समाधान पावेल आणि अंध मनुष्य जेथल्या तेथें राहील.

मराठीचें दुखणें आणखी वेगळें. पृष्ठाची भाषा मराठी आहे असें आंतून नोंदलें नसेल, तर वाचणारा आवाज इंग्रजी वळणानें अडखळतो. युनिकोडपूर्वीच्या टंकांत जुळविलेला मजकूर दिसावयास शुद्ध, पण ऐकतांना निव्वळ खडखडाट. आणि छायाप्रत काढून चढविलेली सूचना तर यंत्राच्या लेखीं एक चित्रच. इंग्रजी पडद्यांपुरताच तपासलेला अहवाल यांविषयीं मूग गिळून असतो.

आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. भारतीय मानक ब्यूरोनें आय. एस. १७८०२ हें मानक दोन भागांत, २०२१ व २०२२ सालीं काढलें. त्याचा दुसरा भाग पूर्तता कशी ठरवावी यासच वाहिलेला आहे. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें पापणी लववावी लागे, ती ज्यांना लववितां येत नाहीं असे ॲसिडहल्ल्याचे बळी, तसेच एक अंध गृहस्थ, हे त्यांतील अर्जदार होते. ठराविक काळानें जाणत्यांकडून तपासणी करवावी, असाही आदेश त्यांत आहे.

दिवाळींतल्या दोन संध्याकाळीं दादा व सूनबाई ओसरीवर तें ॲप घेऊन बसलीं. दादा ऐकत व सांगत, ती तक्त्यांत लिही. “लिही, पोरी: पाळत नाहीं,” असें म्हणतांना दादांच्या आवाजांत जुना दरारा परत आलेला आम्हीं पुष्कळ दिवसांनीं ऐकला. तो तक्ता बँकेस धाडला. पहिलें उत्तर नुसतें आभाराचें आलें; दुसऱ्या पत्रास दीड महिना लागला. आतां बटणांस नांवें आलीं आहेत व ओटीपीची मुदत दोन मिनिटांची झाली आहे. तक्रार नोंदवितांना जें चित्रांचें कोडें सोडवावें लागतें, तें मात्र अजून तसेंच आहे. त्याविषयीं तिसरें पत्र गेलें आहे.

मुदत वाढल्याचें कळलें त्या रात्रीं दादांनीं पिन बदलला. त्यावेळीं आम्ही शेजारींच बसलों होतों. “तूं जरा बाहेर जा,” ते म्हणाले, आणि आम्ही उठून अंगणांत गेलों.