पाळी आणि तारखांचा हिशेब

"कावळा शिवला", "अडचण आहे", "बाहेरची झाले"... पाळीला आपल्याकडे टोपणनावं भरपूर, पण ती लांबली तर काय करायचं हे मात्र कोणी धड सांगत नाही. मैत्रिणींनो, म्हणून हा लेख. (मित्रांनो, तुम्हीही वाचा. घरी आई-बहीण आहेच की!)

आधी हिशेब. रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. बऱ्याच जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि "लवकर आली" म्हणून उगीच घाबरतात. २८ हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नाही. २१ ते ३५ दिवसांत येणारी पाळी नियमितच समजतात.

सबमिशनची जागरणं, मेसचं जेवण आवडत नाही म्हणून वडापाववर काढलेला महिना, झपाट्याने घटलेलं वजन... यामुळे मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संदेश विस्कळीत होतात, बीजांड वेळेवर सुटत नाही आणि पाळी पुढे जाते. एखाद्या महिन्यात असं झालं तर विशेष काही नाही. पण तीन महिने पाळीच आली नाही, वर्षात आठपेक्षा कमी वेळा आली, नेहमी २१ दिवसांच्या आत येते किंवा आठवडा उलटला तरी थांबत नाही, तर डॉक्टरांना दाखवायचंच. कारण थायरॉइड असू शकतं, पीसीओएस असू शकतं. गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी ती तपासणी. आणि तासातासाला पॅड भिजतोय, चक्कर येतेय, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. सरळ रेक्टर मॅडमना उठवा!

गणपती-नवरात्रात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. चिठ्ठी एकीची आणि गोळ्या चौघींना! त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत. काहींना त्यातून रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. मैत्रिणीला चालल्या म्हणून आपल्याला चालतील असं नाही.

वेळेवर साधी तपासणी मिळाली नाही की काय होतं? हंगामात आपल्या भागातल्या साखर कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडात ना संडास ना पाणी, खाडा केला की दंड. म्हणून दुखणं अंगावर काढायचं, आणि शेवटी डॉक्टरकडे गेलं की "पिशवी काढून टाका". इतक्या जणींना खरंच ऑपरेशनची गरज होती का, हा प्रश्न तेव्हा विधिमंडळातही गाजला.

आपली परिस्थिती त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरी. कोल्हापुरात सीपीआर आहे, केसपेपर काढला की स्त्रीरोग विभागात दाखवता येतं. जाताना मागच्या सहा महिन्यांच्या तारखा वहीत लिहून न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. बहुतेक वेळा रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी सांगतात. "आतून तपासतील" या भीतीने कित्येक जणी जातच नाहीत. पण अविवाहित मुलींची सोनोग्राफी सहसा पोटावरूनच करतात, आणि कोणतीही तपासणी तुम्हाला विचारूनच व्हायला हवी. फक्त त्याआधी भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका, नाहीतर तासभर बाकावर बसून राहावं लागतं, बरं का!