गॅमा नाइफ: कापत नाही, आणि घाईही करत नाही

गॅमा नाइफ म्हटलं की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला: कवटी उघडणार का? नाही. यात चाकूच नाही. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली, १९६८ मध्ये पहिलं यंत्र आलं. त्यात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते. नव्या यंत्रांत १९२ असतात.

इतके कशाला? समजा, हा हॉल अंधारा केला आणि तुम्ही सगळ्यांनी आपापल्या खुर्चीवरून एकाच नाण्यावर बॅटरी रोखली. एकेक झोत फिका, पण नाणं लखलखेल. तसंच इथे. वाटेतल्या मेंदूला एकेका किरणाचा किरकोळ डोस, आणि सगळे भेटतात तिथे जबर मारा. नेम मिलिमीटरनेही चुकून चालत नाही, म्हणून त्या जागेपुरती भूल देऊन डोक्याला फ्रेम घट्ट बसवतात. पेशंट जागाच असतो. बहुतेकदा एका दिवसात काम होतं.

खरी गफलत पुढे होते. कानाच्या नसेवरची साधी गाठ घ्या. किरणांनी तिच्या पेशींची वाढायची ताकद जाते, गाठ गायब होत नाही. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये ती तेवढीच दिसते, कधी थोडी फुगलेलीसुद्धा! घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. अहो, वाढ थांबली, हेच तर हवं होतं.

एव्हीएममध्ये, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यात, ही गैरसमजूत जिवावर बेतू शकते. तिथे धमनीतलं जोराचं रक्त थेट शिरेत घुसतं. किरणांनी त्या वाहिन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात आणि वाट बुजते. पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतोच. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तपासणी सोडणारे मला जास्त काळजीत टाकतात. गुंता बुजला हे वाटण्यावर नाही, अँजिओग्राफीवर ठरतं. मधल्या काळात अचानक असह्य डोकेदुखी, उलटी किंवा एका बाजूला अशक्तपणा आला, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि तिथे एव्हीएम असल्याचं आधी सांगा.

आणि हो, प्रत्येक गाठीला हे चालत नाही. साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी, मेंदूवर दाब टाकणारी गाठ असेल तर इतकं थांबायला वेळच नसतो. तिथे ऑपरेशनच लागतं.