कॉम्प्रेसर घेताना फक्त एचपी विचारू नका

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, मटण-चिकनची दुकाने, मासळीचे गाळे, फालुदा-आइस्क्रीमची दुकाने आणि छोटी हॉटेले चालविणारे आपले बांधव उपनगरांत सगळीकडे आहेत. त्यांची पुंजी रात्रभर एका काळ्या डब्याच्या भरवशावर असते. हा डबा म्हणजे कॉम्प्रेसर. ऐन मे महिन्यात किंवा बकरी ईदच्या दिवशी तो गेला की माल फेकावा लागतो, आणि दुसऱ्याने ठेवायला दिलेली अमानत असेल तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. अशा घाईत दुकानदार मेकॅनिकला एवढेच सांगतो, "एक एचपीचा टाक." नुकसान तिथूनच सुरू होते, असे आमचे मत आहे.

कॉम्प्रेसर थंडी तयार करीत नाही. तो आतल्या कॉईलमधून गॅस ओढतो, दाबतो आणि कंडेन्सरकडे पाठवितो. मालातून उचललेली उष्णता कंडेन्सरवर बाहेर पडते, गॅसचे पाणी होते आणि ते बारीक कॅपिलरीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुन्हा कॉईलमध्ये जाते. आता, कॉईल जितकी थंड हवी तितका तिच्यातला गॅस विरळ असतो. विरळ गॅस ओढला की प्रत्येक फेऱ्यात कमी गॅस हाती लागतो. म्हणून एकच कॉम्प्रेसर उणे १० अंशाच्या कॉईलवर जेवढे काम देतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी काम तो उणे ३० वर देतो. मोटार तीच, एचपी तोच.

यासाठी कंपन्या कॉम्प्रेसर वेगवेगळे बनवितात. डीप फ्रीजर आणि आइस्क्रीमसाठी एलबीपी, दूध-कोल्ड्रिंकच्या काचेच्या कपाटासाठी व ताज्या मटणाच्या कूलरसाठी एमबीपी, आणि वॉटर कूलरसारख्या कामासाठी एचबीपी. ही अक्षरे कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेल नंबरासमोर छापलेली असतात. वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर डीप फ्रीजरला लावला तर परत येणारा गॅस इतका कमी असतो की मोटार थंड राहत नाही, तेल जळते, व्हॉल्व्हच्या पट्ट्या जातात. उलट डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर वॉटर कूलरवर चढविला तर दाट गॅसचा भार मोटारीला झेपत नाही आणि ओव्हरलोड सारखा तुटतो. दोन्ही वेळा दुकानदार कंपनीला शिव्या देतो.

खाटीक बांधवांसाठी हिशेब थोडा सविस्तर मांडतो. ताजे मटण ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यास किलोमागे अंदाजे २५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. तेच मटण गोठवून उणे १८ पर्यंत न्यायचे तर हा आकडा ९० च्या आसपास जातो, कारण मांसातल्या पाण्याचा बर्फ होताना फार उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणजे १०० किलोला सुमारे ९,००० किलोकॅलरी. एक टन क्षमतेचे यंत्र तासाला ३,०२४ किलोकॅलरी उचलते, म्हणजे एवढ्याच कामाला त्याचे तीन तास जातात. दुकानातल्या साध्या पेटी फ्रीजरची ताकद याच्या जवळपासही नसते. तो गोठलेला माल गोठलेला ठेवण्यासाठी बनविलेला आहे, गरम माल गोठविण्यासाठी नव्हे. ईदला त्यात एकदम ७०-८० किलो गरम मांस कोंबले जाते, कॉम्प्रेसर दोन दिवस अखंड धावतो आणि मधला माल तरीही वास मारू लागतो. मांस आधी कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत उतरवावे, मग थोडे थोडे, पसरून फ्रीजरमध्ये घालावे. हे केले तर मोठा कॉम्प्रेसर घ्यावा लागतोच असे नाही.

लहान कामाला सीलबंद कॉम्प्रेसर पुरतो, पण बिघडला की तो आख्खा बदलावा लागतो. मोठ्या कोल्ड रूमला सेमी-सील्ड बरा, कारण बोल्ट उघडून व्हॉल्व्ह प्लेट बदलता येते. मधल्या कामांत आता स्क्रोल बराच दिसतो. १९९३ साली किर्लोस्कर आणि अमेरिकेच्या कोपलँडची भागीदारी झाली. आज ती कंपनी फक्त कोपलँड या नावाने चालते, तरी जुने मेकॅनिक अजून 'किर्लोस्कर'च मागतात. नाव कोणतेही मागा, मॉडेल नंबर बघूनच घ्या.

दुसरी बाब स्टार्टिंगची. कॅपिलरीच्या यंत्रात बंद झाल्यावर दोन्हीकडचा दाब चार-पाच मिनिटांत सारखा होतो, म्हणून कमी जोराची मोटार चालते. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असेल तर दाब तसाच राहतो आणि जास्त जोराची, स्टार्ट कपॅसिटरची मोटार लागते. लाइट जाऊन लगेच आली की कमी जोराची मोटार दाबाविरुद्ध उठू पाहते आणि गरम होऊन जळते. टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर कॉम्प्रेसरच्या मानाने अगदी स्वस्त पडतो.

गॅसचा प्रश्न आता नाजूक झाला आहे. जुना आर-१२ इतिहासजमा झाला. आर-२२ चा नव्या यंत्रांतला वापर २०२४ अखेर थांबविण्याचे धोरण ठरले आणि दुरुस्तीसाठीही तो कमी कमी मिळत जाणार. आर-१३४ए आणि आर-४०४ए यांना पीओई तेल लागते. ते हवेतला ओलावा भराभर शोषते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरची टोपणे काढून तासभर ठेवणे म्हणजे आतून गंज लावून घेणे. व्हॅक्युम पंप न लावता नुसता गॅस सोडून हवा काढणाऱ्या मेकॅनिकला दुकानात घेऊ नये. आर-४०४ए हे मिश्रण आहे, म्हणून ते बाटली उलटी धरून द्रवरूपातच काढावे.

नव्या फ्रीजरांत आर-२९० येतो. तो शुद्ध प्रोपेन आहे, विजेची बचत चांगली करतो, पण पेटतो. काही ठिकाणी त्याच्या जागी स्वयंपाकाचा गॅस भरला जातो असे आमच्या कानावर आले आहे. त्या गॅसात ब्यूटेन असते, वासाचे द्रव्य असते, ओलावा असतो. शिवाय जुन्या यंत्राचे थर्मोस्टॅट आणि रिले ठिणगी टाकणारे असतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात हा खेळ जिवावर बेतेल.

कंडेन्सर माळ्यावर, तंदूरच्या बाजूला किंवा पोत्यांमागे दडविलेला असतो. त्याचे तापमान एक अंशाने वाढले की वीज साधारण २ ते ३ टक्के जास्त जाते, आणि दुकानाचा दर घरच्या दरापेक्षा चढाच असतो. वर्सोव्यासारख्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लवकर झडतात, तिथे लेप दिलेली कॉईल मागावी.

शेवटी रीबिल्ट कॉम्प्रेसरबद्दल. भांडवल कमी असलेल्या बांधवाने व्याजाच्या हप्त्यात अडकण्यापेक्षा रीबिल्ट घ्यावा, यात आम्हाला गैर वाटत नाही. मात्र डबा कापून पुन्हा जोडलेला आणि नवा रंग मारलेला माल नवा म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ऐब लपवून विकण्यास आपल्याला मनाई आहे, हे आपल्या मेकॅनिक मुलांनाही ठाऊक आहे. घेणाऱ्याने वेल्डिंगची शिवण बघावी, पत्र्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवावा, आणि बिलावर 'रीबिल्ट' हा शब्द, गॅसचे नाव व एलबीपी की एमबीपी हे लिहून घ्यावे. मेकॅनिक लिहून देण्यास कां-कूं करू लागला तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.